सकाळचं रक्त

बावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढतेय आणि लोक माझं डोकं खातायत. आमची लॅब खांदा कॉलनीत, पण उलव्याकडची अर्धी माणसं तपासायला आमच्याकडेच येतात.

तिथलाच धनेश. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून टेस्टोस्टेरॉन तपासायला संध्याकाळी सहाला आला. लॅबमधल्या नवीन मुलीने वेळेबद्दल काही न सांगता रक्त घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी रिपोर्ट बघून तो माझ्या टेबलाशी आला.

"आकडा कमी हाय, शोभाताई. जिमवाल्यानं याच हार्मोनची इंजेक्शनं दिलीत. आज एक घेतो."

"खबरदार!" मी ओरडलेच. "संध्याकाळी हे हार्मोन उतरलेलंच असतं. नीट झोप काढून सकाळी उपाशीपोटी ये. तेही दोनदा बघतात, एका आकड्यावर निकाल लागत नाही. आणि हे बाहेरून टोचलंस तर शरीरातला कारखाना बंद पडतो, शुक्राणू बनायचेच थांबतात. बाप व्हायचंय ना तुला?"

"सकाळी कसा येऊ? आमचा अख्खा गाव शुगर तपासायला बसलेला असतो इथं."

अस्सा राग आला मला! लाजेपायी चुकीच्या वेळी रक्त दिलं आणि आता त्याच आकड्यावर औषध घ्यायला निघालाय. "लाज तरी सांभाळ, नाहीतर पोर तरी," मी म्हणाले. तो पिशवी उचलून निघून गेला.

दोन दिवस त्याचा पत्ता नाही. टोचून घेतलं असणार मेल्याने, असंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आला. बरोबर बायको अंकिता. बाकावर त्यांच्या गावचे म्हातारे बुधाजी होतेच.

"काय रं धनेश, तुला बी शुगर?"

धनेशचे कान लाल झाले. अंकिता जमिनीकडे बघत राहिली. पण धनेश म्हणाला,

"शुगर नाय, काका. आमाला पोर होत नाय. दोष माझ्यात हाय का, ते बघतोय."

बुधाजींनी सरकून अंकिताला जागा दिली.

"बस, पोरी." मग म्हणाले, "माझ्या पयल्या बायकोला याच पायी मी माहेरी धाडली. सोताला कदी तपासला नाय."

धनेशने खिशातली न फोडलेली इंजेक्शनं माझ्या हातात दिली आणि बाही वर केली.