राखीव निधीची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, बँकेतल्या राखीव निधीच्या खात्याची. कडा पिवळ्या पडल्यात, पाठीला चिकटपट्टी आहे, पण अजून मला स्वस्थ बसवत नाही.

हुशार मुलांचा सन्मान करणाऱ्या एका छोट्या संस्थेची मी. एक मास्तर, एक नर्सबाई, एक शिंपी अशा सभासदांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी जमवली आणि अडीअडचणीला असावेत म्हणून ते पैसे बाजूला ठेवले. तेव्हा मी कोरीकरकरीत होते, सगळ्यांनी मला हातात घेऊन पाहिलं. मग जी फाइलमध्ये गेले ती गेलेच.

दरवर्षीच्या सभेत मात्र अध्यक्ष मला उंच धरत. "बघा, एक पैसा काढलेला नाही!" टाळ्या पडत. इकडे पदकं जाऊन कागदी प्रमाणपत्रं आली, मुलांच्या अभ्यासाची भाड्याची खोली सुटली. तरी "ही काही अडचण नव्हे" म्हणून माझा खर्चाचा रकाना रिकामाच. कौतुक ऐकून माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

यंदा खजिनदारबाईंनी सभेत एक पत्र वाचलं. सन्मानासाठी निवडलेल्या मुलीच्या आईचं होतं. फी भरता आली नाही म्हणून लेकीचं कॉलेज सुटलं, आता ती दुकानात कामाला जाते, समारंभासाठी रजा मिळत नाही.

"वाईट झालं," अध्यक्ष म्हणाले. "पण ही संस्थेची अडचण नाही ना, बाई."

"अहो, मग संस्था काढलीय कोणासाठी आपण?"

मी फाइलीत तळमळत होते. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पत्र मागून घेऊन स्वतः वाचलं आणि म्हणाले, "कुठे सही करू?"

फी भरली गेली, मुलगी कॉलेजात परतली. आता तरी मला शांत वाटायला हवं होतं. पण बाईंनी सन्मानाच्या जुन्या याद्या काढल्या. एकेकाला पत्र लिहून त्या विचारतायत, "पुढे शिकता आलं का?"

मित्रांनो, शिल्लक जरूर जपा. पण ज्यांच्यासाठी जपता, त्यांची अधूनमधून चौकशीही करा. बाईंना आतापर्यंत आठ उत्तरं आली आहेत. पाच जणांनी "नाही" लिहिलंय. त्या पाचही वेळी मी फाइलीत सुखरूप होते.