रविवारची ओळ

नोरीनने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"हात सोडा त्यांचा. सही त्यांची आहे."

"थरथरतो हो तिचा हात. मी नुसता आधार देतोय," ड्वेन म्हणाला.

ओहायोतल्या त्या गावच्या वाचनालयात मंगळवारी नोटरीचं काम फुकट होई. बारा वर्षं ते नोरीनच करत आली होती. समोर चाकांच्या खुर्चीत म्हातारी ऑपल स्टॅम्पर बसली होती. कागद तिच्या घराचा. सही झाली की घर मुलाच्या, ड्वेनच्या नावावर. ड्वेन च्युइंगम चघळत होता. बोलताना तो गुलाबी गोळा त्याच्या दातांत लोळताना दिसे. नोरीनने त्याला पलीकडे वर्तमानपत्रांपाशी पाठवलं.

"यात काय लिहिलंय ठाऊक आहे ना, मिसेस स्टॅम्पर?"

"माझं घर. तो ते विकणार आणि मला वृद्धाश्रमात ठेवणार."

"कोणी बळजबरी केली?"

"नाही बाई. माझी मीच देतेय. दर रविवारी भेटायला येईन म्हणालाय."

उत्तरं चोख होती. नियमाला याहून जास्त काही नको होतं. हातातल्या शिक्क्याचीच नोरीनला किळस आली.

"ते रविवारचं लिहिलंय का गं यात?" ऑपलने विचारलं.

"नाही."

"लिहिता येईल?"

नोरीनने कोरा कागद घेतला, एकच ओळ लिहिली आणि ड्वेनला हाक मारून तो त्याच्यापुढे सरकवला. त्याने ती वाचली आणि हसला.

"हे कायद्याने लागतं?"

"नाही."

"मग कशाला उगाच? रविवारी मॅच असते, आई. तुला माहितीये."

ताटातला केस बाजूला काढावा तसा त्याने तो कागद दोन बोटांनी परत ढकलला.

ऑपल त्या बोटांकडे पाहत राहिली. मग टेबलावरचं ओळखपत्र उचलून तिने पर्समध्ये टाकलं आणि सावकाश चेन ओढली.

"चष्मा घरीच विसरले मी," ती म्हणाली.

चष्मा तिच्या नाकावर होता.

ड्वेनचं चघळणं थांबलं. "आई, अगं तुझ्या–"

"चष्म्याशिवाय सही घेता येत नाही," नोरीन म्हणाली आणि शिक्का खणात ठेवून तिने कुलूप लावलं. "नियम आहे."