माहेरवाशिणी धरल्याच नव्हत्या

स्वराली दुपारी माझ्या डाव्या हातावरच झोपते. हात काढला की टक्क डोळे उघडते. त्यामुळे विश्रांतवाडीच्या नव्या दवाखान्याच्या अहवालातलं अर्धं प्रकरण मी उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं आहे.

तिथलं जुनं, बैठं प्रसूतिगृह पाडून तीन मजली दवाखाना उभा राहायचा आहे. पैसे विकास बँकेचे, कर्जाऊ. पण बँक आधी विचारते, इथे गरज नेमकी किती? ते शोधून सांगायचं काम आमच्या कंपनीचं. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना घरोघरचं सर्वेक्षण उरकलं होतं. कामावर परतले, तर आकडे माझीच वाट पाहत होते. त्यांचं म्हणणं असं की, या भागात बाळंतपणं फारच कमी होतात. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा प्रसूती कक्ष गाळावा आणि तिथे तपासणीच्या खोल्या कराव्यात.

"इथल्या बायकांनी मुलं जन्माला घालायचं सोडून दिलेलं दिसतंय," आमचे प्रमुख अनिरुद्ध सर म्हणाले. सर नारायण पेठेतले. वाक्य संपलं की लगेच चष्मा पुसायला घेतात, म्हणजे समोरच्याने हसावं की नाही ते त्याचं त्याने ठरवायचं.

मी हसले नाही. झोपच इतकी साचली होती की, आकडे खरे असोत वा खोटे, एकदाचे पाठवून द्यावेत असं झालं होतं.

अहवालाला फोटो हवे होते, म्हणून एका सकाळी स्वरालीला कडेवर घेऊनच गेले. माझं सासर तिथून दोन गल्ल्या सोडून. जुन्या गावठाणातल्या एका घराच्या ओट्यावर मथुराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. पूर्वी ज्यांची इथे शेती होती, त्या घरांपैकी हे एक. आता मागे चार मजली भाड्याच्या खोल्या. शेजारी भिंतीला टेकून, पाय लांब करून एक मुलगी बसली होती. दिवस अगदी भरत आलेले.

"कितवा?" मी विचारलं.

"नववा लागलाय," ती म्हणाली, आणि स्वरालीकडे बघून हसली. तिचं नाव श्रद्धा.

"आमच्याकडून एकजण चौकशीला आले होते ना, मावशी? घरात कोण गरोदर आहे का, विचारायला?"

"आला हुता की. गळ्यात पट्टा घातलेला. घरात कोण कोण ऱ्हातं म्हनला. म्या सांगितलं, मी, मालक, ल्योक नि सून. सून गेलीया तिच्या आईकडं, बारामतीला, बाळंतपणाला."

"आणि ही?"

"ही व्हय?" मथुराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुण्यात नवीन आहे. "ही लेक हाय माझी. ही कुठं ऱ्हाते हितं? पाव्हणी हाय ती. शिरूरला दिलीया."

मी तिथेच ओट्यावर बसले. मेथीचा वास येत होता. स्वरालीने एक काडी उचलून तोंडात घातली, ती काढून घ्यायचंही मला सुचलं नाही.

मीसुद्धा माहेरी, बिबवेवाडीला गेले होते. सातव्या महिन्यात आईकडे, आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत तिथेच. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये कोणी विचारायला आलं असेल, तर अभिनवने खरं तेच सांगितलं असणार, बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे. आणि बिबवेवाडीत आईने सांगितलं असतं, मुलगी आलीय, पाहुणी. आमच्या आकड्यांत गेलेल्या सुना बरोबर वजा झाल्या होत्या. आलेल्या लेकी कुणी धरल्याच नव्हत्या.

"काय झालं गं पोरी? पानी आनू का?"

"नको मावशी. कळा यायला लागल्या की कुठे नेणार हिला?"

"कुठं म्हंजी? रिक्षात घालायची नि निघायचं शहरात. हितलं तर बंदच क्येलंय. नवं बांधनार हायेत म्हनं, मोठ्ठं. हिच्या दुसऱ्या येळंला हुईल." त्यांनी निवडलेली मेथी पाटीत टाकली. "हुईल न्हवं?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आकड्यांचा तक्ता पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. तीच तर अडचण आहे."

"म्हणजे?"

"चूक असतं तर आपण आता चहा प्यायला गेलो असतो."

बँकेच्या आरोग्य विभागाच्या शेफाली मॅडम दिल्लीहून ऑनलाइन आल्या. मी घरूनच बसले होते, कॅमेरा बंद, कारण स्वराली अंगावर पीत होती. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "याला पुरावा काय?"

"मी," तोंडातून निघून गेलं. "राहते विश्रांतवाडीला, बाळंत झाले बिबवेवाडीला."

"एका बाईवरून खाटा ठरवता येत नाहीत, चैताली." आवाजात राग नव्हता. तोही बिचारीचा दिवसभर बोलून बोलून बसलेला वाटला. "मंगळवारी नकाशे मंजुरीला जातील. त्याआधी आकडे आले तर बघू."

सर्वेक्षणाची मुलं दुसऱ्या कामावर गेलेली. रविवारी सकाळी मी, अभिनव आणि स्वराली असे तिघं निघालो. अभिनवला आठवड्यातून एकच सकाळ झोपायला मिळते. तो बाबागाडी ढकलत म्हणाला, "लग्नाआधी तू सिनेमाला चल म्हणायचीस."

मूळ सर्वेक्षणाच्या यादीतली, प्रत्येक गल्लीत लागोपाठची दहाएक घरं धरत हिंडलो. विचारायचं एकच. घरात कुणी बाळंतपणाला आलंय का, की येणार आहे? बायका त्याहून कितीतरी जास्त सांगायच्या. कुणाची नणंद वाशीमहून येणार होती, कुणाची बहीण येऊन, बाळंत होऊन परत गेलीही होती. एकीने स्वरालीला काजळाची तीट लावली. एकीने मला विचारलं, "दूध पुरतंय का गं?" आणि तेवढ्यानेच मला रडू आलं. तिने काही न विचारता आत नेलं, पंख्याखाली बसवलं, मेथीचा लाडू दिला. अभिनव बाहेर उभा राहून पुढच्या दारांची बेल वाजवत राहिला.

मथुराबाईंच्या घराला कुलूप होतं.

"पहाटंच नेली लेकीला," शेजारीण म्हणाली. "रिक्षाच मिळंना. पार हमरस्त्यापोत्तर चालत गेल्या, दर दहा पावलांवर थांबत."

"मग? कशी आहे?"

"फोन न्हाई अजून."

त्या ओट्यावर मेथीच्या वाळक्या काड्या तशाच होत्या. अभिनवने हळूच विचारलं, "पुढे जायचं?" मी मान हलवली. पुढच्या दाराची बेल मीच वाजवली.

सोमवारी दिवसभर एका हाताने आकडे भरले. जिथे पूर्वी एक बाळंतपण दिसत होतं, तिथे आता तीनच्या आसपास येत होती. पाठवले. मग दोन दिवस काहीच नाही. सर्वेक्षणाचं हे असंच असतं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये.

गुरुवारी दुपारी दोन फोन आले. पहिला मथुराबाईंच्या शेजारणीचा. नंबर मी ठेवून आले होते. श्रद्धा मोकळी झाली होती. वाटेतच, रिक्षात, येरवड्याच्या अलीकडे. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. "पन मथुराबाई अजून थरथरतीय," ती म्हणाली. "कुनी काय इचारलं तर नुसती रडतीया."

दुसरा सरांचा. "प्रसूती कक्ष राहिला. दुसरा मजला, पूर्ण."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ऐकताय ना? अभिनंदन म्हणतोय." मग नेहमीसारखं थोडं थांबून, "आता निविदा, मंजुऱ्या, बांधकाम. तो कक्ष सुरू होईपर्यंत तुमची मुलगी बाळंतपणाला येईल."

स्वराली माझ्या हातावर झोपली होती. हाताला मुंग्या आल्या होत्या. तिच्या कपाळावर रविवारची तीट अजून पुसट दिसत होती. मी ती मुद्दाम पुसली नव्हती.

"येऊ दे की, सर," मी हळू आवाजात म्हटलं. "पण श्रद्धाच्या दुसऱ्या वेळेआधी झाला पाहिजे. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"मथुराबाईंना. म्हणजे, नुसती मान हलवली होती."

पलीकडे सर चष्मा पुसत असावेत. "मग उद्या लवकर या," ते म्हणाले. "निविदेची कागदपत्रं आपल्यालाच करायची आहेत."