राहुकाळातला अर्ज

गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ असतो, हे आमच्या सेंबियनूरमध्ये शेंबडं पोरही सांगेल. माझे यजमान इळमारन चाळीस वर्षं सभांमधून त्याची टिंगल करत आले. पक्षच आमचा देव न मानणाऱ्यांचा. आणि तेच इळमारन त्या गुरुवारी पावणेतीनला तालुका कचेरीच्या संडासात आतून कडी लावून बसले होते.

विधानसभेचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस. तीनला मुदत संपणार होती. घरून आम्ही सकाळीच निघालो, पण चौकाचौकात शाली आडव्या आल्या. कार्यकर्त्याची शाल खांद्यावर घेतली नाही, फोटो काढू दिला नाही, तर तो मतदानापर्यंत रुसून बसतो. कचेरीत पोहोचेतो दीड वाजून गेला. त्यानंतर आमचा नंबर आला की हे दरवेळी एखाद्या अपक्षाला पुढे सोडायचे. "जा बाबा, तू हो पुढे." लोकांना वाटलं, केवढं मोठं मन! मी मात्र त्यांची घड्याळाकडे वळणारी नजर बघत होते. शेवटी पोट धरून ते जे उठले, ते परत आलेच नाहीत.

पक्षाचा जिल्हा सचिव घामाघूम होऊन माझ्याकडे आला. त्याला आम्ही सगळे 'मावट्टम' म्हणतो, म्हणजे चक्क 'जिल्हा'.

"वहिनी, अण्णा कुठे गेले?"

"पोट बिघडलंय."

"आत्ताच बिघडायचं होतं? अर्ज राहिला तर चेन्नईला मी कोणतं तोंड दाखवू?"

मी जाऊन दार ठोठावलं. "अहो, बाहेर या."

"तीन वाजले की येतो."

"तीनला अर्ज घेणं बंद होतंय!"

"तीनला आवारात असलं की चिठ्ठी देतात, मग अर्ज नंतरही घेतात. मागच्या वेळी त्या अपक्षांना नाही का दिली?"

"मागचा साहेब गेला. हा नवा आहे. म्हणतो, तीनच्या ठोक्याला जो टेबलासमोर नाही, तो बाद."

ते आतून दाराला तोंड लावून बोलले. "कयल, दोनदा मी मुद्दाम राहुकाळात अर्ज भरला. दोन्ही वेळा पडलो. एकदा तर तीनशे बारा मतांनी. आता चौसष्ट वर्षांचा झालो. पुन्हा तिकीट देणार आहे का कुणी?"

"आपलं लग्नही मुद्दाम राहुकाळातच लावलं होतं. मोडलं का ते?"

"हळू बोल, बाहेर पत्रकार आहेत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने लाठ्या खाल्ल्या, दोनदा तुरुंगवास भोगला, पक्षाने ऐन वेळी यांचं तिकीट एका नटाला दिलं तरी त्याच नटाचा प्रचार केला. आणि तोच आता एका ग्रहाला भ्याला? खरं सांगते, रागाइतकीच दयाही आली.

"मी तुमची सूचक आहे," मी म्हटलं. "सूचकाने अर्ज दिला तरी चालतो. फाइल माझ्याच हातात आहे."

"नको कयल! तुला शपथ आहे."

"कुणाची? देव तर आपण मानत नाही."

मी वळले. मागे कडी वाजली, पण दार उघडलं नाही.

टेबलापाशी पोहोचले तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती. साहेब एकेक पान सावकाश उलटत होता. मावट्टम माझ्या मागे उभा राहून पुटपुटत होता. अकराव्या पानावर साहेब थांबला. "इथे सूचकाची सही राहिलीय."

माझं पेन उमटेना. मावट्टमने खिशातलं दिलं. सही करताना मनात आलं, हे आता पडले, तर मरेपर्यंत मलाच बोल लावतील. तरी सही केली. साहेबाने वेळ लिहिली: दोन अठ्ठावन्न.

तीन वाजून दोन मिनिटांनी हे तोंड धुऊन आले. साहेबाने विचारलं, "उमेदवाराची शपथ देवाच्या नावाने?"

"छे! मनाला साक्ष ठेवून," ते ठणकावून म्हणाले. मग त्यांची नजर पावतीवरच्या वेळेवर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बाहेर पत्रकारांनी घेरलं. "अण्णा, ऐन राहुकाळात अर्ज?"

मी श्वास रोखला. त्यांनी मूठ वर केली. "मुद्दाम! आम्ही ग्रहांना भीत नाही!"

लोकांनी आरोळ्या ठोकल्या. पुन्हा शाली पडू लागल्या. त्या गलक्यात ते माझ्या कानाशी वाकले.

"उद्या देवीच्या देवळात माझ्यासाठी अर्चना करून ये. पुजारी विचारेल, तर विशाखा नक्षत्र, दुसरं चरण. नाव मात्र सांगू नकोस."

चाळीस वर्षांच्या संसारात मला त्यांचं नक्षत्र ठाऊक नव्हतं. कधी विचारलं, तर हसायचे.