वायरीपुरती फट

मे महिन्यातली भर दुपार. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतली विजेची डीपी बार उडाल्यासारखा आवाज करून जळाली आणि गिरिधरपंतांच्या घरातला कूलर कण्हत कण्हत थांबला. पाठोपाठ आतल्या खोलीत त्यांच्या पत्नीचं, चारुशीलाबाईंचं, ऑक्सिजनचं मशीन पीं पीं करू लागलं.

पंतांनी घाईघाईने नळी काढून लहान सिलिंडरला जोडली. हा सिलिंडर अडीअडचणीपुरता. तासभर पुरला तर पुरला. वीज कार्यालयात फोन लावला, तर डीपी बदलायला संध्याकाळ होईल म्हणाले. रुग्णवाहिकेवाला म्हणाला, उन्हाचे पेशंट एवढे आहेत की सगळ्या गाड्या बाहेर आहेत, तुमचा नंबर लावून ठेवतो.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत असं व्हायचं नाही. वीज गेली की सोसायटीचा डिझेलचा जनरेटर धडधडायचा. तो बरोबर त्यांच्या खिडकीखाली होता. मशीन सुरू राहायचं, पण धूर सरळ वर येऊन खोलीत भरायचा आणि बाई खोकून खोकून निळ्या पडायच्या. कधी कोणापुढे तोंड न उघडणारे पंत शेवटी हिवाळ्यातल्या सभेत उभे राहिले. घरून पाठ करून नेलेलं सगळं ऐन वेळी विसरले. एवढंच म्हणाले, "या धुराने हिचा जीव जाईल. आपण गच्चीवर सोलर लावू." आणि मटकन खाली बसले.

लोक चकित झाले आणि ठराव मंजूर झाला. जनरेटर इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने नेला, गच्चीवर पॅनल चढले. "बोललात म्हणे?" असं विचारून चारुशीलाबाई त्या रात्री इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली.

आता पंत धावतच पहिल्या मजल्यावर रुपरावांकडे गेले. रुपराव सोसायटीचे सेक्रेटरी. मौद्याकडे शेती, इथे ठेकेदारी.

"रुपराव, वर ऊन तर आग ओकतंय. मग पॅनलवर घरात लाइट का नाही?"

"काका, लाइन गेली की ते आपोआप बंद होऊन जाते. खांबावर वायरमन काम करून राहिला असला, तर त्याले शॉक नाही लागला पाहिजे ना."

"म्हणजे ऊन असूनही?"

"ऊन असूनही. बॅटरी असती तर गोष्ट अलग होती. सभेत मी विचारलं होतं सगळ्यायले. सगळे म्हणे, पुढच्या साली पाहू. तुमीबी बसूनच होते. एकदा तोंड उघडलं तुमी, अन् मग कुलूपच लावलं!"

खरंच होतं ते. बॅटरीचा विषय निघाला तेव्हा त्यांना शंका आली होती. पण एका सभेत दोनदा उभं राहायचं, लोक काय म्हणतील, आपल्याला त्यातलं कळतं तरी काय, असा विचार करत ते चपलेच्या अंगठ्याकडे पाहत बसले होते.

"आता पुतळ्यासारखे काहून उभे आहा गा?" रुपराव पायात चपला सरकवत म्हणाले. "केयूरच्या दुकानात लहान जनरेटर आहे. चाला."

केयूरचं मोबाइलचं दुकान इमारतीतच, रस्त्याच्या बाजूला होतं. त्याने काही न विचारता जनरेटर बंद केला. "न्या काका. गिऱ्हाईक उजेडात घेत नाही, अंधारात काय घेईल! पण माझी वायर लहान आहे. मागच्या अंगणात, तुमच्या खिडकीखालीच ठेवावा लागेल."

दुसरी जागा नव्हती.

रुपराव आणि केयूरने जनरेटर उचलून मागे नेला. पंतांनी वरून दोरी सोडली, तिला बांधून वायर वर ओढली. मशीन लावलं. खाली रुपरावांनी सुरू करायची दोरी झटक्याने ओढताच जनरेटर फडफडत सुरू झाला आणि मशीनवरचा हिरवा दिवा लागला. सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता.

पंतांनी खिडकी ओढली. वायर मध्ये येत होती; बोटभर फट राहिलीच. त्या फटीतून निळसर धूर आत येऊ लागला. चारुशीलाबाईंना पहिली उबळ आली, मग दुसरी. त्या उशीवरून अर्ध्या उठल्या. मानेच्या शिरा ताणल्या.

पंतांनी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. धूर तोंडावर आला.

रुपरावांनी वर पाहिलं. "काय झालं काका? खोकलते का? बंद करू?"

त्यांचा हात जनरेटरच्या बटणावर होता. पंतांनी मागे वळून पाहिलं. बाईंना बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एका हाताने त्यांनी नाकातली नळी घट्ट धरून ठेवली होती.

"नको," पंत म्हणाले. त्या धडधडीत ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

"बंद करू का?"

"चालू ठेवा!" पंत ओरडले. त्यांचा आवाज फाटला. समोरच्या गॅलरीतली माणसं बाहेर येऊन पाहू लागली. "चालू ठेवा! बंद करू नका! चालू ठेवा!"

रुपरावांनी हात मागे घेतला.

पंतांनी खिडकी पुन्हा ओढून घेतली, टॉवेल माठातल्या पाण्यात बुडवून वायरीभोवती फटीत कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. उन्हाने तो पाहता पाहता वाळत होता. ते पुन्हा भिजवत होते, पुन्हा कोंबत होते. मागे बाई खोकत होत्या. मध्येच खोकला थांबे, तेव्हा पंतांना मागे वळून पाहायचा धीर होत नसे.