बोरिंगचा दांडा

आमच्या वस्तीतल्या बोरिंगले पाणी लागलं फेब्रुवारीत. प्याले भेटलं जूनमधी. मधातले चार महिने पाणी जमिनीखाली उद्घाटनाची वाट पाहून राहिलं होतं, अन् आमी बाया जाम नदीच्या रेतीत झिरे खोदून वाटी-वाटीनं गुंड भरून राहिलो होतो. सुधारलेल्या लोकायची वस्ती आहे बाप्पा आमची, सावरगावात. इथं कोणतंच काम असंच होत नाही. आधी समिती होते, मंग मीटिंग होते, मंग जमलं त काम होते.

तसं पाह्यलं त वस्तीच्या वर पुंडलिकरावाच्या संत्र्याच्या बगीच्यात विहीर आहे, तिच्यावर मोटर आहे. थे पाणी झाडाले भेटते. झाडाले कोणी जात इचारत नाही.

हे बोरिंग आणलं माह्या नवऱ्यानं. शालिकराम. गेला बिचारा दोन साल झाले, आता नाव घ्याले काय लाज! सात वर्सं त्यानं अर्ज देल्ले. पांढुर्ण्याले देल्ले, सौसरले देल्ले, छिंदवाड्याले पायी जाता येत नव्हतं म्हणून बसनं जाऊन देल्ले. साहेब म्हणे अर्ज हिंदीत पाह्यजे, यानं हिंदीत लिहून घेतला. दुसरा साहेब म्हणे नकाशा पाह्यजे, यानं नकाशा जोडला. अर्ज मंजूर झाला तवा शालिकराम वर जाऊन बसला होता. सरकारी कामाले टाइम त लागतेच.

घरी आता मी, पोरगा गुणवंता अन् सून सरला. गुणवंता लोधीखेड्याकडं जिनिंगमधी कामाले, आठ-आठ दिवस येत नाही. मागच्या साली सरलाचा पाय नदीच्या काठावर घसरला. चढ कसा आहे म्हणता, बकरी बी इचार करन. भरला गुंड अंगावर आला अन् चौथ्या महिन्याचं लेकरू गेलं. या साली तिले पुन्हा दिवस होते, फेब्रुवारीत पाचवा लागला होता. नर्सबाईनं मले समोर बसवून सांगतलं, "आजी, हिनं चढ उतरायचा नाही, गुंड उचलायचा नाही. बाकी तुमी पाहा." मी जबान देल्ली. त्या दिवसापासून दोघींचं पाणी मी एकटी आणत होती. गुडघे शिव्या देत होते, देवू द्या. बोरिंग लागलं तवा मले वाटलं, सुटली माय!

सुटते कायची? आमच्या समितीचे अध्यक्ष भाऊराव. पांढुर्ण्याले हाफिसात बाबू आहे, सफारी घालते, शिंकते बी त आधी "सभेची परवानगी असावी" म्हणन असा माणूस. त्यानं फिटरले चहा पाजला अन् बसवल्या बसवल्या बोरिंगचा हापसाचा दांडा खोलून घेतला. दांडा लाल कपड्यात गुंडाळून आपल्या घरी कपाटावर ठेवला. मंग विहारात मीटिंग घेतली.

"बंधू-भगिनींनो," भाऊराव म्हणे, "आपल्या वस्तीचं हे पहिलं बोरिंग. चोरासारखं पाणी प्यायचं का आपण? नाही! जयंतीले मोठ्या साहेबाच्या हातानं उद्घाटन करू. दीड महिना त काढायचा आहे."

बाया एकमेकींकडं पाहून राहिल्या. त्याची बायको प्रेमलता माह्या बाजूले बसली होती. तिच्या डोक्यावर चुंबळीचा वण होता, सगळ्याईच्या होता तसाच. मी उठली. मी म्हटलं, "भाऊराव, दीड महिन्यात माही सून सातव्यात जाते. पाणी चालू करा, साहेब कवाही येवो."

त मले म्हणते कसा, "वयनी, तुमाले सांगाचंच राह्यलं. बोरिंगपाशी संगमरवराची पाटी बसवून राहिलो. त्याच्यावर पहिलं नाव शालिकराम दादाचं राहीन. पण पाटी उघडाले मोठा माणूस पाह्यजे ना? नाही त दादाच्या नावाची काय शोभा?"

आता खरं सांगतो. मी खाली बसली. सात वर्सं त्या माणसाच्या चपला झिजल्या, त्याचं नाव दगडावर येईन, जाता-येता लोक वाचतीन, एवढं मनात आलं अन् माही जीभ टाळूले चिकटली. बाकीच्या बायाईनं माह्याकडं पाह्यलं. मीच गप्प, मंग थ्या काय बोलतीन? म्हणून सगळा दोष भाऊरावाच्या माथी मारता येत नाही. मारला असता, पण येत नाही.

जयंती आली. साहेबाले त्या दिवशी पाच गावच्या जयंत्या होत्या, आमची सहावी. नाही आले. भाऊराव म्हणे, बुद्ध पौर्णिमेले पक्कं. बुद्ध पौर्णिमेले खीर झाली, साहेबाचा निरोप आला की तब्येत बरी नाही. दांडा कपाटावरच. मे महिन्यात झिरे असे आटले की एक गुंड भराले अर्धा घंटा लागे. मी एक दिवस प्रेमलतेले म्हटलं, "अवो, तुह्या घरी आहे ना दांडा? काढून दे एक दिवस."

"बाई, मलेच झिऱ्यावर जा लागते," थे म्हणे. "कपाट पुसाले बी हात लावू देत नाही. म्हणते, घरात सरकारी वस्तू आहे."

मंग जूनचा पहिला आठवडा ठरला. पक्कं, पक्कं, पक्कं. सरला नवव्यात.

आदल्या दिवशी फिटर आला, दांडा बसवला. बोरिंगले निळा रंग देल्ला, झेंडूच्या माळा घातल्या. असं सजवलं की नवरदेवच! सरला दारात उभी होती, तिले वाटलं आता हापसून पाहतीन. म्हणे, "काकाजी, पाणी येते का पाहून त घ्या."

भाऊरावानं कानाले हात लावला. "साहेबाच्या आधी कोणी हापसलं त पाणी उष्टं होईन, पोरी."

ऐकलं? शंभर दीडशे फूट खालचं पाणी. उष्टं होईन म्हणे.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यासाठी स्वयंपाक. दोनशे माणसाचं वरण-भात-भाजी, बुंदी वेगळी. त्याले पाणी कुठून? झिऱ्यावरून! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पहाटपासून बायाईची रांग नदीवर. पण मी नव्हती त्या रांगेत. मले भाऊरावानं सकाळी आठलेच पांढरं लुगडं नेसाले लावून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. "पाटीवर दादाचं नाव, तुमी समोर पाह्यजे, वयनी." मी बसली. पदर नीट केला. मानानं बसली. साहेब दहाले येणार होते, एक वाजता आले. पाच घंटे मी त्या खुर्चीवर बसून होती, अन् घरी पाणी आहे का नाही, हे मले एकदाही सुचलं नाही.

साहेबाच्या जीपमधून साहेब उतरले, मागून फोटोवाला उतरला, त्याच्या मागून तीन माणसं उतरले ते कोण होते थे अजूनही समजलं नाही. पण हार त्याईले बी घातले. हारच पाऊण घंटा चालले. अध्यक्षाचा हार, उपाध्यक्षाचा हार, ज्याले हार भेटला नाही त्याच्या रुसव्याचा हार. मंग पाटीवरचा पडदा वढला.

मले वाचता येते. शालिकरामानंच शिकवलं होतं. पहिलं नाव साहेबाचं. ठीक आहे. दुसरं भाऊरावाचं. तिसरं सचिवाचं, चौथं कोषाध्यक्षाचं. मंग पाच सदस्य, ज्यातला एक नागपूरले राहते. सगळ्यात खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, पेंटर मोरेश्वर.

मी पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. वाटलं, नजर कमी झाली असन. भाऊराव जवळून जाऊन राहिला होता, त्याचा सफारी धरला. "दादाचं नाव?"

"जागा पुरली नाही, वयनी," थो दातातल्या दातात म्हणे. "टाळ्या वाजवा."

चार महिने थांबवून माह्या तोंडाले असे पानं पुसले! पेंटरले जागा पुरली.

इकडं साहेबानं दांडा धरला. फोटोवाला वाकला. साहेबानं हापसलं. खर्र. पुन्हा हापसलं. खर्र, खर्र. दहा झाले, वीस झाले, साहेबाच्या कपाळावर तेवढं पाणी आलं, बोरिंगातून थेंब नाही. येईन कुठून? चार महिने सुकं पडलं होतं, आतले चामड्याचे वायसर वाळून पापड झाले असतीन. फिटरनं तसं भाऊरावाच्या कानात सांगतलं, भाऊरावानं त्याच्या पायावर पाय देल्ला. साहेब हुशार माणूस. दांडा सोडला अन् माइक धरला. "भाइयो और बहनो, पानी ही जीवन है," असं वीस मिनिटं सांगतलं. घसा सुकला त भाऊराव ओरडला, "पाणी आणा, साहेबाले पाणी!"

पेला आला. साहेबानं घोट घेतला, म्हणे, "वाह! कितना मीठा पानी है आपके बोरिंग का!" फोटो निघाला. टाळ्या पडल्या.

अन् मी पेला आणणारीकडं पाह्यलं. सरला. पदर ओला, पायाले घोट्यापर्यंत रेती, एक हात कमरेवर. डोक्यावर चुंबळ तशीच होती, काढायचं भान नव्हतं तिले.

मी खुर्चीवरून उठली कशी हे मले माहीत नाही. तिले मंडपाच्या मागं नेलं. "कितीक खेपा केल्या?"

"दोनच, मामी. बाया कमी पडल्या. तुमी खुर्चीवर होत्या, म्हटलं तुमाले कायले उठवाचं. तुमचा मानाचा दिवस."

माह्या कानशिलात कोणी मारली असती त बरं झालं असतं. नर्सबाईले जबान मी देल्ली होती. पोरीनं पोट घेऊन तो चढ दोनदा उतरला अन् चढला, अन् मी बाई दगडावरच्या नावासाठी पांढरं लुगडं सांभाळत बसली होती. लाज वाटली. आजही वाटते.

मंडळी जेवाले बसली. पहिली पंगत माणसाईची, नेहमीसारखी. मी सरलेले बोरिंगपाशी भिंतीच्या सावलीत बसवलं, स्वयंपाकाच्या पाण्यातले दोन भरले गुंड उचलून आणले अन् बोरिंगच्या डोक्यात ओतले, वायसर भिजाले. दांडा धरला. बाया पाहून राहिल्या. मी म्हटलं, "पाह्यता काय? या!" प्रेमलता पहिली आली. मंग सगळ्या आल्या. एक थकली की दुसरी. तिसरा गुंड ओतला, चौथा ओतला. खर्र-खर्रचा आवाज हळूहळू जड झाला. मंग दांडा जड झाला. मंग एकदम गढूळ लाल पाणी भसकन आलं, माह्या पांढऱ्या लुगड्यावरच. बाया अशा ओरडल्या की पंगतीतले माणसं उठून उभे राहिले.

भाऊराव वरणाचे हात घेऊन पळत आला. "थांबा, थांबा! साहेब अजून जेवून राहिले. फोटोवाला बी आहे. दांडा सोडा, दहा मिनिटं कोणी हापसू नका, साहेबाच्या हातानं पुन्हा करू!"

पाणी आता साफ येत होतं. दांड्यावर प्रेमलता होती. थे थांबली. नवरा होता ना समोर.

मंग भाऊराव माह्याजवळ आला. आवाज एकदम साखरेचा. "वयनी, तुमी शहाण्या आहा. मोरेश्वर इथंच आहे, रंग-ब्रश संगं आहे. आत्ता लिहून घेतो दादाचं नाव. सगळ्याच्या वर. साहेबासमोर. पण जरा बोरिंग थांबवा. एवढं करा."

मोरेश्वर खरंच आला होता डबी घेऊन. पाटीवर साहेबाच्या नावाच्या वर एक बोटभर जागा होती. पुरली असती. शालिकरामाचं नाव काही मोठं नाही.

मी त्या जागेकडं पाह्यलं. खोटं कायले बोलू, पाह्यलं. मंग सरलाकडं पाह्यलं. थे भिंतीले टेकून बसली होती, रिकामा गुंड मांडीवर घेऊन, अन् माह्याच तोंडाकडं पाहून राहिली होती. फेब्रुवारीतल्या मीटिंगमधीही थे अशीच पाहत होती.

"प्रेमलता," मी म्हटलं, "हापस."

प्रेमलतानं एकदा नवऱ्याकडं पाह्यलं. मंग पदर कमरेले खोचला अन् हापसलं. भाऊरावाच्या बुटात पाणी गेलं, थो मागं सरकला. मी सरलाच्या मांडीवरचा गुंड उचलून धारेखाली लावला. भरला. चुंबळ तिच्या डोक्यावरची काढली, माह्या डोक्यावर ठेवली, अन् तिचा हात धरून घरी गेली. सपाट रस्ता होता. वीस पावलं बी नाही भरले.