एक्क्याण्णव तास

बुधवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ठाण्याजवळच्या दिवा गावात वादळ घुसलं. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर दोनदा कडाडला आणि सगळी आळी बंद पडली. शनिवारी सकाळी दहा वाजता वीज अजून आली नव्हती आणि आळीतल्या लोकांनी वायरमन दिपेशला घेरलं होतं.

वरच्या मजल्यावर राहणारी कल्पिता खाली उतरली तेव्हा पोपटने दिपेशची शिडी काढून घेऊन आपल्या आवाराच्या फाटकाआड ठेवली होती. पोपट म्हणजे बिल्डिंगचा मालक. ही जागा त्याच्या आजोबांच्या शेताची. तळमजल्यावर त्याची आई, बायजा, ऑक्सिजनच्या मशीनवर असायची. मशीन बुधवारपासून मुकं होतं. भाड्याने आणलेला दुसरा सिलिंडर आता संपत आला होता, आणि तिसरा ठाण्याहून निघाला होता, पण पोचला नव्हता.

"लाइट येईपर्यंत हा इथून हलणार नाही," पोपट म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच कल्पिताला जास्त भीती वाटली. मागची दोन-तीन माणसं बाह्या सरसावत होती.

दिपेश भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल, शर्टवर चिखल वाळलेला. कंत्राटावरचा माणूस, पंचविशीतला.

कल्पिता वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये बारा वर्षं इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग करत होती. विजेचं काम करून थकलेला माणूस कसा दिसतो ते तिला ठाऊक होतं. ती सरळ मध्ये जाऊन उभी राहिली.

"पोपटदादा, दोन मिनिटं द्या. मला त्याला विचारू द्या."

"विचारून काय होणारे, वहिनी? आईचा श्वास बघून आलात का?"

"आत्ताच बघून आले. म्हणून तर विचारते." ती दिपेशकडे वळली. "नक्की काय झालंय रे?"

"ट्रान्सफॉर्मर जळलाय, ताई. बुधवारीच. मी त्याच संध्याकाळी फोटो काढून ऑफिसला पाठवला. दुसरा स्टॉकमध्ये नाहीये म्हणाले. तेव्हापासून मला नुसतं फिरवतायत, इकडचा फ्यूज बघ, तिकडचा बघ. मी काय करू?"

"फोटो आहे अजून?"

त्याने फोन पुढे केला. जळून काळा झालेला ट्रान्सफॉर्मर, खाली बुधवारची वेळ, आणि त्याखाली ऑफिसातल्या साहेबाचं नाव आणि उत्तर: 'बघतो.' कल्पिताने मागितला आणि त्याने काही विचार न करता उत्तरासकट त्या फोटोचा स्क्रीनशॉट तिला पाठवून दिला. मग तिने फोन पोपटसमोर धरला. त्याने फाटक उघडून शिडी परत दिली. बाह्या सरसावलेली माणसं पांगली. साडेअकराला सिलिंडर आला. बायजाच्या ओठांना रंग येईपर्यंत कल्पिता तिचा हात धरून बसली होती.

"मना वाटला आता जातंय मी," बायजा पुटपुटली.

वीज आली ती रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी.

सोमवारी बिल्डिंगच्या बावीस घरांनी लेखी तक्रार करून भरपाई मागितली. पोपटला ऑफिसवर मोर्चा न्यायचा होता. कल्पिताने त्याला समजावलं, मोर्चाची पोच मिळत नाही, अर्जाची मिळते. प्रत्येक घराचा ग्राहक क्रमांक, वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि हेल्पलाइनवर मिळालेले तक्रार क्रमांक तिने स्वतः उतरवून घेतले. दर अर्जावर शिक्का मारून घेतला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गुरुवारी सकाळी सहा वाजता पुरवठा सुरळीत करण्यात आला, खंडित काळ चौदा तासांपेक्षा कमी, म्हणजे नियमाच्या मर्यादेत, सबब भरपाई देय नाही.

पोपटने कागद वाचला आणि टेबलावर आपटला. "चार दिवसांचे चौदा तास केले. आता तो फोटो काढा, वहिनी."

त्याच संध्याकाळी दिपेशचा फोन आला. तो बोलताना चाचरत होता. "ताई, तो फोटो कुठे दाखवू नका. साहेबाचं नाव आहे त्याच्यात. बाहेर गेला तर पाठवणारा मीच, हे लगेच कळणार. माझं कंत्राट दर सहा महिन्यांनी असतं. घरी बायकोला सातवा महिना आहे."

"नाही दाखवणार," ती म्हणाली. दुसरं काय दाखवायचं ते मात्र तिला अजून माहीत नव्हतं.

ग्राहक तक्रार मंचाकडे तिने अर्ज केला. सुनावणीच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका पॅनेलमध्ये मीटर बसवताना तिचा हात थांबला. वीज केव्हा गेली, केव्हा आली, याची नोंद मीटर स्वतःच ठेवतो. इतकी वर्षं ती असले मीटर हाताळत होती आणि हे आपल्याच जिन्याखालच्या मीटरांनाही लागू आहे हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

सुनावणीला वीज कंपनीचा अधिकारी फाइल घेऊन बसला होता. मंचाच्या अध्यक्षांसमोर त्याने रजिस्टर उघडलं. "गुरुवारी सहाला फीडर चालू. ही नोंद."

"फीडर चालू झाला असेल," कल्पिता म्हणाली. "आमच्या आळीचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. फीडरची मोठी लाइन थेट आमच्या घरात येत नाही, साहेब. वीज ट्रान्सफॉर्मरमधून येते."

अधिकाऱ्याने मान वर केली. "ट्रान्सफॉर्मर जळला होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

शेजारी बसलेल्या पोपटने तिच्या पर्सकडे बघितलं. फोन त्यातच होता. एकदा फोटो दाखवला असता तर विषय तिथेच संपला असता.

"मी बारा वर्षं हेच काम करते," ती म्हणाली. "आवाज ऐकला, काजळी बघितली. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या मीटरांची नोंद काढा. सगळ्या बावीसांची. आमच्यासमोर."

"त्याची गरज नाही," अधिकारी घाईने म्हणाला.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "का नाही?"

आठ दिवसांनी टेस्टिंगचा माणूस छोटं यंत्र घेऊन आला. जिन्याखाली सगळे दाटीवाटीने उभे होते. बायजानेही खुर्ची दारात ओढून घेतली होती. पहिल्या मीटरला वायर लावली, आणि बराच वेळ पडद्यावर काहीच येईना. अधिकारी म्हणाला, जुना मीटर आहे, नोंद पुसली गेली असेल. टेस्टिंगच्या माणसाने वायर काढून पुन्हा लावली. मग आकडे उमटले. बुधवार, चार वाजून एकवीस. रविवार, अकरा वाजून एकोणीस. कल्पिताने बोटांवर मोजून बघितलं. एक्क्याण्णव तासांना दोन मिनिटं कमी. दुसऱ्या मीटरला तेच, तिसऱ्यालाही तेच. टेस्टिंगच्या माणसाने कागदावर सही केली आणि खाली अधिकाऱ्यालाही करावी लागली.

दीड महिन्यात निकाल लागला. बावीसही घरांना भरपाई, आणि जादा ट्रान्सफॉर्मर का नव्हता याचा कंपनीकडून लेखी खुलासा. रजिस्टरमध्ये खोटी वेळ कोणी लिहिली यावर मात्र निकालात एक शब्द नव्हता. पोपट धुसफुसला. "फोटो दाखवला असता तर साहेब घरी गेला असता."

"आणि दिपेशही," कल्पिता म्हणाली. पोपटला ते पटल्यासारखं दिसलं नाही. तिलाही पूर्ण पटलं होतं असं नाही. खोटं लिहिणारा माणूस त्याच खुर्चीत बसून आहे हे तिला जेवतानाही आठवायचं.

निकाल फक्त अर्ज करणाऱ्यांपुरता होता. त्याच ट्रान्सफॉर्मरवर आणखी सात बिल्डिंगी होत्या आणि त्यांनी काहीच केलं नव्हतं. रविवारी सकाळी त्यातली चार माणसं विजेची बिलं हातात घेऊन कल्पिताच्या दारात उभी राहिली. तिने चपला बाजूला सारून त्यांना आत घेतलं आणि पहिल्याला विचारलं, "तुमची किती वाजता गेली होती, आठवतंय?"